द ट्रॅजिकली हिप: नव्याने ऐकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कॅनडात येऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या मराठी माणसाला हा बँड एकदा तरी आडवा येतोच. ऑफिसच्या पार्टीत एखादं गाणं लागतं, चाळिशी-पन्नाशीतले सगळे सहकारी एका सुरात ओरडायला लागतात, आणि आपण हातात ग्लास धरून नुसते हसत उभे. खालचे बरेचसे प्रश्न अशाच मंडळींचे आहेत. काही पुण्या-मुंबईतल्या रॉक ऐकणाऱ्यांचे आहेत, ज्यांच्यासाठी कॅनडा म्हणजे रश आणि ब्रायन अ‍ॅडम्स, संपलं. उत्तरं एका चाहत्याची आहेत, त्यामुळे तटस्थपणाची फार अपेक्षा ठेवू नका.

हे लोक कोण?

ओंटारियो प्रांतातल्या किंग्स्टन शहरात १९८४ मध्ये जमलेली मित्रमंडळी. गॉर्ड डाउनी गायक आणि शब्द त्याचे. रॉब बेकर गिटारवर, गॉर्ड सिंक्लेअर बेसवर, जॉनी फे ड्रम्सवर. सुरुवातीला त्यांच्यात एक सॅक्सोफोनवाला होता. तो १९८६ मध्ये बाहेर पडला आणि पॉल लँगल्वा दुसरा गिटारवादक म्हणून आला. तिथपासून २०१६ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, या पाचांत एक माणूस बदलला नाही. भांडणं झाली नसतील असं नाही. पण १९९२ नंतरच्या अल्बमांवर गाण्याचं श्रेय एकट्यादुकट्याच्या नावावर नाही, पूर्ण बँडच्या नावावर आहे, आणि पैशांची वाटणीही त्यानुसारच. रॉक बँड कशाकशावरून फुटतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका निर्णयाची किंमत कळेल.

किंग्स्टन हे टोरांटो आणि मॉन्ट्रियल यांच्या साधारण मधोमध, ऑन्टारियो सरोवराच्या काठावरचं गाव. एक जुनं विद्यापीठ, लष्करी कॉलेज आणि आसपास तुरुंगच तुरुंग. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन ज्याची गाणी हमखास म्हटली जातात तो ब्रायन अ‍ॅडम्स याच गावात जन्मला. तो जगभर गेला, भारतातही अनेकदा येऊन गेला. हिप मात्र किंग्स्टनचेच राहिले.

भारतात कुणी नावही ऐकलेलं नाही. मग एवढे मोठे कसे?

कॅनडात त्यांचे 'अप टु हिअर' (१९८९) आणि 'फुली कम्प्लीटली' (१९९२) हे दोन्ही अल्बम डायमंड ठरले, म्हणजे प्रत्येकी दहा लाख प्रतींच्या वर. देशाची लोकसंख्या तेव्हा तीन कोटींच्या आत होती. मोठेपणाचा हिशेब एवढा पुरे.

सीमेच्या पलीकडे मात्र गाडी अडली. बफेलो, डेट्रॉइट यांसारख्या हद्दीवरच्या अमेरिकन शहरांत त्यांची सभागृहं भरायची, आत दक्षिणेकडे गेलं की क्लब. मार्च १९९५ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकन टीव्हीवरच्या गाजलेल्या विनोदी कार्यक्रमात त्यांना संधी मिळाली. मूळचा ओंटारियोचा आणि किंग्स्टनजवळ घर असलेला विनोदी अभिनेता डॅन अ‍ॅक्रॉइड खास त्यांची ओळख करून द्यायला आला. कॅनडात लोक टीव्हीला चिकटून बसले, अमेरिकेत दुसऱ्या दिवशी फारसं काही घडलं नाही.

याची कारणमीमांसा करण्यात इथल्या चाहत्यांच्या दोन पिढ्या गेल्या आहेत. रेकॉर्ड कंपनीने जोर लावला नाही, काळ ग्रंजचा, म्हणजे नव्वदीतल्या खरखरीत अमेरिकन रॉकचा होता, गाण्यांत कॅनडातल्या गावांची नावं फार. शेवटचं कारण मला पटत नाही. ज्या गावात आपण कधी पाऊल ठेवणार नाही त्यांची गाणी आपण सगळेच आयुष्यभर ऐकत असतो. माझ्या मते खरी अडचण गायकाची होती. डाउनी गाण्यात गोष्ट सांगतो आणि ऐन मोक्याच्या जागी सोडून देतो. ती पुरी करायला श्रोत्याने थोडे कष्ट घ्यावे लागतात. कॅनडातल्या श्रोत्याने ते घेतले, कारण धागेदोरे त्याच्या शाळेतल्या पुस्तकात, हॉकीच्या (इथे हॉकी म्हणजे बर्फावरची) पत्त्यांवर, म्हणजे खेळाडूंची माहिती छापलेल्या कार्डांवर, आणि वर्तमानपत्रात पडलेले होते.

रेडिओवर कॅनेडियन गाणी लावायची सक्तीच आहे म्हणे. मग त्यात काय कौतुक?

आहे सक्ती. १९७१ पासून रेडिओ केंद्रांना ३० टक्के गाणी कॅनेडियन लावावी लागत, पुढे हे प्रमाण ३५ टक्के झालं. त्याचा हिपला फायदा झाला हे कबूल. पण त्याच नियमाने वाजलेले शंभर बँड आज कुणाला आठवत नाहीत. नियमाने गाणं कानावर पडतं, तोंडपाठ होत नाही.

कुठून सुरुवात करू?

'फुली कम्प्लीटली'पासून. ओळीने, मध्ये काही न गाळता. त्यानंतर 'डे फॉर नाइट' (१९९४), जो पहिल्या ऐकण्यात गढूळ वाटेल. एक आठवडा थांबून पुन्हा लावा. मग 'फँटम पॉवर' (१९९८). मैफलीतला बँड कसा होता ते कळायला 'लाइव्ह बिटवीन अस', हे १९९६ मध्ये डेट्रॉइटला केलेलं ध्वनिमुद्रण आहे.

एकच गाणं हवं असेल तर 'अहेड बाय अ सेंच्युरी'. त्यात गिटारची अकूस्टिक सुरुवात आहे, आठवणीतलं बालपण आहे आणि कुठेही घाई नाही. नवख्या माणसाला दारातून आत घेणारं याहून चांगलं गाणं त्यांच्याकडे नाही.

नंतरच्या काळातले अल्बम? २००६ चा 'वर्ल्ड कंटेनर' आणि २००९ चा 'वी आर द सेम' हे बॉब रॉक या बड्या निर्मात्याबरोबर केलेले. त्यावरून चाहत्यांत आजही जुंपते. मला ते जरा जास्तच घासूनपुसून लख्ख केलेले वाटतात. आधी जुने ऐका.

शब्द कळतात पण गाणं कशाबद्दल आहे ते कळत नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे का?

नाही. इथे जन्मलेल्यांचंही हेच होतं. एक उदाहरण सविस्तर घेऊ, म्हणजे पद्धत लक्षात येईल.

'फिफ्टी मिशन कॅप' हे गाणं बिल बॅरिल्को नावाच्या हॉकीपटूबद्दल आहे. हा टोरांटो मेपल लीफ्सचा बचावपटू. २१ एप्रिल १९५१ रोजी मॉन्ट्रियलविरुद्ध जादा वेळेत त्याने गोल मारला आणि लीफ्सने स्टॅन्ली कप हा तिथला सर्वोच्च करंडक जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो एका मित्राच्या छोट्या विमानातून उत्तरेकडे मासेमारीला गेला आणि परतताना दोघंही बेपत्ता झाले. प्रचंड शोध घेतला, काही सापडलं नाही. लीफ्सनाही पुढे कप मिळेना. मिळाला तो थेट १९६२ मध्ये, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच उत्तर ओंटारियोच्या जंगलात विमानाचे अवशेष व दोन सांगाडे सापडले.

आता अशी गोष्ट हाती आल्यावर कुठलाही गीतकार तिचा पोवाडा करेल. डाउनी ती चार ओळींत उरकतो, कारण ही माहिती त्याने हॉकीच्या एका पत्त्यामागे वाचलेली होती आणि त्या पत्त्यावर तेवढीच जागा असते! उरलेलं गाणं टोपीबद्दल आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या पन्नास मोहिमा झाल्या की त्यांची टोपी मळून, चेपून एका खास आकाराची व्हायची. गाण्यातला निवेदक आपली नवीकोरी टोपी मुद्दाम तशी चुरगाळतो, अनुभवी दिसावं म्हणून, आणि तिच्या आत तो पत्ता दडवून ठेवतो. म्हणजे गाणं वीराचं नाहीच. दुसऱ्याचं वीरत्व आपल्या डोक्यावर मिरवणाऱ्या एका साध्या पोराचं आहे. जिथे हॉकी हा धर्म आहे तिथे हे गाणं लाखो लोक छाती फुगवून म्हणतात, आणि गाणं त्यांच्याकडेच बघून किंचित हसत असतं. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मी या बँडचा झालो.

हॉकीमध्ये मला रस नाही. चालेल का?

उत्तमच. 'फायरवर्क्स' ऐका. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेत पॉल हेंडरसनने शेवटच्या मिनिटात मारलेला गोल हा कॅनडाचा सामुदायिक आठवणींतला सर्वांत मोठा क्षण. गाणं तिथेच सुरू होतं. आणि लगेच एक मुलगी भेटते, जी हॉकीची पत्रासच ठेवत नाही. निवेदकाने असं कुणाला म्हणताना कधी ऐकलेलंच नसतं, आणि तो तिथेच प्रेमात पडतो. गंमत म्हणजे त्या मालिकेतल्या कॅनडाच्या संघाचा प्रशिक्षक हॅरी सिंडन हा डाउनीचा धर्मपिता होता. घरातच हॉकी असलेल्या माणसाने हे लिहावं!

'व्हीट किंग्ज' सगळे शेकोटीभोवती बसून म्हणतात. प्रेमगीत आहे का?

मुळीच नाही, आणि हा गैरसमज फार जुना आहे. सुरुवातीला लून पक्ष्याची साद, मग हळुवार गिटार, त्यामुळे ते कॅम्पिंगचं गाणं होऊन बसलं. विषय मात्र डेव्हिड मिलगार्डचा आहे. सास्काटून शहरात १९६९ मध्ये एका परिचारिकेवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. सोळा वर्षांच्या मिलगार्डला पकडण्यात आलं आणि १९७० मध्ये जन्मठेप झाली. तो निर्दोष होता. त्याची आई जॉइस मिलगार्ड दोन दशकं पंतप्रधानांपासून पत्रकारांपर्यंत सगळ्यांचे उंबरे झिजवत राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर एप्रिल १९९२ मध्ये तो सुटला. डीएनए चाचणीने पूर्ण निष्कलंक ठरायला १९९७ उजाडलं आणि खरा गुन्हेगार १९९९ मध्ये दोषी ठरला.

गाणं आलं १९९२ च्या शरद ऋतूत, म्हणजे माणूस सुटलेला होता पण सरकार त्याला निर्दोष म्हणायला तयार नव्हतं, अशा वेळी. डाउनी संताप करत नाही. शाळेच्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या पंतप्रधानांच्या तसबिरी, त्याखालून जाणारा कॉरिडॉर, आणि वीस वर्षं उलटून गेल्यावर 'कुणाला काय फरक पडतो' असा गावाचा सूर, एवढंच दाखवतो. शेकोटीभोवती बसून ते म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे ठाऊक नसतं. माझी काही तक्रार नाही. गाणं पाठ झालेलं असलं की कधीतरी अर्थ शोधावासा वाटतो.

अशी आणखी कोणती?

'थ्री पिस्टल्स'मध्ये १९१७ साली कॅनू सरोवरात बुडून मेलेला चित्रकार टॉम थॉमसन आहे. 'करेज' हे ह्यू मॅक्लेनन या कादंबरीकाराला उद्देशून आहे आणि त्याचं शेवटचं कडवं मॅक्लेननच्या कादंबरीतल्या एका परिच्छेदावर बेतलेलं आहे. 'अ‍ॅट द हंड्रेड्थ मेरिडियन' म्हणजे शंभरावं पश्चिम रेखावृत्त, जिथून प्रेअरीचा सपाट मुलूख सुरू होतो. गाडीने मॅनिटोबा ओलांडताना रस्त्याकडेला त्याची पाटी दिसते आणि गाडीतलं कुणीतरी हमखास गायला लागतं.

'थर्टी-एट इयर्स ओल्ड' मधला भाऊ खरा होता का?

नाही. किंग्स्टनजवळच्या मिलहेवन तुरुंगातून १९७२ मध्ये चौदा कैदी पळाले होते, त्या घटनेवरून हे गाणं सुचलं. गाण्यात बारा कैदी आहेत आणि साल १९७३. पळून घरी आलेला भाऊ काल्पनिक आहे. पण त्याचं नाव माइक, आणि डाउनीच्या सख्ख्या भावाचं नावही माइकच, त्यामुळे घोळ झाला. माइक डाउनी तुरुंगात गेला नव्हता. तो माहितीपट बनवतो आणि पुढे या कहाणीत त्याचा मोठा वाटा आहे.

आणि बॉबकेजन?

टोरांटोच्या ईशान्येला गाडीने दोनेक तासांवर असलेलं, कालव्याकाठचं इवलंसं गाव. डाउनीने ते नाव एका गाण्याला दिलं आणि गाव अजरामर झालं. निवेदक टोरांटोचा घोडेस्वार पोलिस आहे, त्याचं प्रेम बॉबकेजनमध्ये आहे. गावात रात्री तारे एकेक करून उमटतात, शहरात दंगल आवरायची असते. त्या दंगलीच्या ओळींत 'आर्यन' हेलाच्या आवाजांचा उल्लेख आहे, म्हणून अनेक चाहते ते टोरांटोतल्या १९३३ च्या ज्यूविरोधी क्रिस्टी पिट्स दंगलीशी जोडतात. टोरांटोतल्या मैफलीत शहराचं नाव असलेली ओळ आली की छप्पर उडायचं बाकी राहायचं. बँडने २०११ च्या उन्हाळ्यात खुद्द बॉबकेजनला जाऊन मैफल केली. काही हजार वस्तीच्या त्या गावात त्या दिवशी माणसं मावत नव्हती.

जुने चाहते 'किलर व्हेल टँक'बद्दल बोलताना डोळे मिटतात. हे काय प्रकरण?

'न्यू ऑर्लिन्स इज सिंकिंग' हे गाणं मैफलीत मधोमध उघडायचं. चौघं एकच लय धरून बसायचे आणि डाउनी मनाला येईल ती गोष्ट सांगत सुटायचा. मे १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॉक्सी क्लबमध्ये त्याने मत्स्यालयात काम करणाऱ्या, देवमाशांच्या टाकीत उतरणाऱ्या एका माणसाची भानगड रंगवून सांगितली. विनोदी सुरुवात होते आणि बघता बघता अंगावर काटा येतो. रेडिओवर ती तुफान चालली.

पण चाहत्यांना त्या जागेचं खरं आकर्षण वेगळं होतं. तिथे नवी गाणी कच्च्या स्वरूपात ऐकू यायची. 'नॉटिकल डिझास्टर' आणि 'अहेड बाय अ सेंच्युरी' ही दोन्ही आधी या मोकळ्या जागेत घोळवली गेली, अल्बमवर नंतर आली. त्यामुळे एकाच दौऱ्यातल्या दोन मैफली सारख्या नसत. लोक ध्वनिमुद्रणं जमवायचे, कुठल्या गावात कुठली ओळ पहिल्यांदा आली यावर वाद घालायचे. बैठकीच्या गाण्याला जाणाऱ्या मराठी माणसाला हे वेड समजावून सांगायची गरज नाही. बंदिश ठाऊक असते, आज बुवा तिच्यात काय करतात ते ऐकायला जायचं असतं.

त्यांचा श्रोता म्हणजे बिअर पिऊन आरडाओरडा करणारे, झेंडा गुंडाळलेले पुरुष, असं ऐकलंय.

अर्धं खरं आहे. सभागृहात हॉकीच्या जर्सी, झेंडे आणि बिअर भरपूर असायची. आधी गाणाऱ्या पाहुण्या बँडला 'हिप, हिप' करत हुसकावून लावायची वाईट खोड या गर्दीला होती. डाउनीला ते आवडत नसे. 'लाइव्ह बिटवीन अस'ची सुरुवातच तो त्या रात्री आधी वाजवून गेलेल्या ऱ्हिओस्टॅटिक्स या बँडचे आभार मानून करतो. त्यांना ऐकल्याने आपण सगळे अधिक श्रीमंत झालो, असं तो म्हणतो. गर्दीला दिलेली ती चपराकच होती, पण सभ्य.

झेंड्याचा प्रश्न जरा खोल आहे. हिपची गाणी कॅनडाबद्दल आहेत, कॅनडाची आरती नाहीत. खोटा खटला, दंगल, बुडालेला चित्रकार, तुरुंगातून पळालेले कैदी: पर्यटन खात्याने छापावं असं यात काहीच नाही. तरी एक जुलैला, कॅनडा दिनी, घराघरांतून हीच गाणी वाजतात. मला यात विसंगती दिसायची. आता वाटतं, आपल्या गावाबद्दल कुणीतरी खोटं न बोलता गायलं याचंच त्या लोकांना अप्रूप असावं.

२० ऑगस्ट २०१६ ला नक्की काय झालं?

२४ मे २०१६ रोजी बँडने जाहीर केलं की डाउनीला ग्लायोब्लास्टोमा आहे. मेंदूचा हा कर्करोग बरा होत नाही. निदान आदल्या डिसेंबरमध्येच झालं होतं. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी झाली होती. आणि त्याच घोषणेत पुढे होतं: आम्ही दौरा करतोय.

दौऱ्यात दहा शहरं, पंधरा मैफली. २२ जुलैला पश्चिम टोकाच्या व्हिक्टोरियात सुरुवात, शेवट घरी किंग्स्टनला. तिकिटं काही मिनिटांत संपली. बरीचशी संगणकी बॉट लावून दलालांनी उचलली आणि कितीतरी पट भावाने विकायला काढली. लोक एवढे खवळले की ओंटारियो सरकारने २०१७ मध्ये अशा बॉटवर बंदी घालणारा कायदा केला. पुनर्विक्रीवर मूळ किमतीच्या दीडपटीची मर्यादाही त्यात होती, ती मात्र पुढच्या सरकारने अमलात येण्याआधीच गुंडाळली.

डाउनीची स्मरणशक्ती आजाराने गेलेली होती. शेकडो वेळा गायलेले शब्द त्याला परत शिकावे लागले आणि रंगमंचावर त्याच्यासमोर शब्द दाखवणारे पडदे होते. तो चकाकत्या धातुरंगाचे सूट, पिसं खोवलेली हॅट असा थाट करून यायचा. मैफलीच्या सुरुवातीला पाचही जण एवढ्या मोठ्या मंचाच्या मधोमध, एखाद्या छोट्या बारमध्ये वाजवावं तसे खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. रोज वेगवेगळे अल्बम निवडून प्रत्येकातली तीन-चार गाणी व्हायची.

शेवटच्या रात्री सीबीसी या सार्वजनिक वाहिनीने रिओ ऑलिंपिकचं प्रक्षेपण बाजूला ठेवून ही मैफल थेट दाखवली, जाहिरातीविना, जवळपास तीन तास. १.१७ कोटी लोकांनी ती पाहिली. देशाची लोकसंख्या तेव्हा ३.६ कोटी. सभागृहात सहा-सात हजार माणसं, बाहेर बाजार चौकात मोठ्या पडद्यासमोर पंचवीसेक हजार. बागांत, बंदरांवर, चर्चच्या आवारात, कॉटेजच्या अंगणात चादरी टांगून लोकांनी ती पाहिली.

तीस गाणी झाली. 'ग्रेस, टू'च्या शेवटी डाउनीचा बांध फुटला. तो माइक बाजूला करून किंचाळत, रडत राहिला आणि मागे चौघं वाजवत राहिले. ते चित्रण मी सहसा पुन्हा बघत नाही. शेवटचं गाणं 'अहेड बाय अ सेंच्युरी'.

त्या रात्री तो पंतप्रधानांना काहीतरी बोलला होता ना?

हो, आणि माझ्या मते मैफलीतला तो सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग होता. तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो प्रेक्षकांत बसलेले होते. डाउनीने त्यांचं नाव घेऊन सांगितलं की उत्तरेकडच्या आदिवासी लोकांकडे आपण काणाडोळा करावा असंच आपल्याला जन्मभर शिकवलं गेलं, तिथली स्थिती वाईट आहे, आणि हे काम हा माणूस करेल. स्तुती वाटते, पण एक तृतीयांश देश साक्षीला ठेवून घेतलेली ती हमी होती.

दोन महिन्यांनी त्याचा 'सीक्रेट पाथ' हा प्रकल्प आला. चेनी वेंजॅक हा अनिशिनाबे समाजातला बारा वर्षांचा मुलगा. आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या सरकारी-चर्ची निवासी शाळांपैकी केनोराजवळच्या एका शाळेतून तो ऑक्टोबर १९६६ मध्ये पळाला. घर सहाशे किलोमीटरवर होतं. अंगात पातळ जाकीट. रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालत राहिला आणि गारठून मेला. ही कथा १९६७ च्या 'मॅक्लीन्स' मासिकात छापून आली होती. माइक डाउनीने ती भावाला सांगितली. गॉर्डने दहा गाणी केली, जेफ लेमायरने चित्रकादंबरी काढली, सीबीसीने त्याचा अ‍ॅनिमेशनपट दाखवला. दोन्ही कुटुंबांच्या नावाने निधी उभा राहिला आणि तो आज शाळाशाळांतून काम करतो.

डिसेंबर २०१६ मध्ये 'असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स'च्या सभेत आदिवासी नेत्यांनी त्याच्या खांद्यांवर ताऱ्यांची घोंगडी पांघरली आणि त्याला लाकोटा भाषेतलं नाव दिलं: ताऱ्यांमधून चालणारा. एका गोऱ्या गायकामुळे लोकांना ही गोष्ट कळावी लागली, अशी टीकाही झाली आणि ती चुकीची नाही. पण 'व्हीट किंग्ज' लिहिणाऱ्याने मरताना हा विषय निवडला यात मला आश्चर्य वाटलं नाही.

तो कधी गेला?

१७ ऑक्टोबर २०१७. वय ५३. ट्रूडो कॅमेऱ्यांसमोर बोलताना रडले. रश या बँडचा ड्रमर नील पर्ट २०२० मध्ये याच रोगाने गेला.

उरलेले चौघं आता वाजवतात का?

हिप म्हणून दौरे नाहीत. २०२१ च्या जूनो या कॅनडाच्या संगीत पुरस्कारांत गायिका फाइस्ट हिच्याबरोबर त्यांनी एक गाणं सादर केलं, तेवढंच. त्याच वर्षी 'सास्काडेल्फिया' हा संग्रह निघाला. १९९० मध्ये न्यू ऑर्लिन्सला 'रोड अ‍ॅपल्स' या अल्बमसाठी रेकॉर्ड झालेली पण वगळलेली गाणी त्यात आहेत. २००८ मध्ये रेकॉर्ड कंपनीच्या गोदामाला लागलेल्या आगीत त्या टेपा जळाल्या असाव्यात असं आधी वाटलं होतं. २०२४ मध्ये माइक डाउनीने बँडवर चार भागांचा माहितीपट केला, टोरांटो चित्रपट महोत्सवात त्याला प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला. तो पाहताना एक जाणवतं: चौघंही अजून एकमेकांचे मित्र आहेत, आणि पाचव्याबद्दल बोलताना कुणीही त्याला देव्हाऱ्यात बसवत नाही.

किंग्स्टनला गेलो तर काय पाहू?

४०१ महामार्गाने टोरांटोहून अडीच-तीन तास. शेवटची मैफल झाली त्या सभागृहासमोरच्या रस्त्याला २०१२ पासून बँडचं नाव आहे, पाटीखाली फोटो काढणाऱ्यांची रांग असते. नगरपालिकेमागचा बाजार चौक बघा, पडदा लागला होता तो हाच. जुना किंग्स्टन पेनिटेन्शरी तुरुंग २०१३ मध्ये बंद झाला, उन्हाळ्यात आत फिरवून आणतात. बाथ या शेजारच्या गावात बँडचा स्वतःचा स्टुडिओ आहे, पण तो कामाचा स्टुडिओ आहे. फाटकावर जाऊन घंटा वाजवू नका. संध्याकाळी सरोवराकाठी मोकळी जागा भरपूर सापडते. डबा सोबत नेलात तर बरं, शाकाहारी मंडळींचे पर्याय टोरांटोइतके नाहीत.